तीन आकडे म्हणजे रंग नव्हे

१/
प्रोग्रामिंगच्या जवळजवळ प्रत्येक लायब्ररीत रंग निर्माण करण्याची रीत एकच आहे. लाल, हिरवा आणि निळा या तिघांसाठी ० ते २५५ मधला एकेक आकडा द्यावा, रंग तयार. २५५, ०, ० म्हणजे लाल. शिकवणारा इतकेच सांगतो आणि शिकणारा इतकेच लक्षात ठेवतो. हे विधान चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे रंगमापनशास्त्राला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला जाण्यापूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही ते टिकले कसे, कोणाच्या सोयीने टिकले आणि त्याचा भुर्दंड कोणाला बसतो, यावर हा थ्रेड.

२/
२५५, ०, ० हा रंग नसून एका यंत्राला दिलेला हुकूम आहे : लाल दिवा पूर्ण पेटव, उरलेले दोन विझव. तो दिवा कोणता, त्याचा लाल शेंदराकडे झुकतो की डाळिंबाकडे, हे हुकुमात कुठेच नाही. वाटी केवढी ते न सांगता ‘दोन वाट्या’ सांगणारी पाककृती घरात चालते, कारण घरातली वाटी सर्वांना ठाऊक असते. परक्या स्वयंपाकघरात ती फसते. संगणकातले आकडे तर परक्या पडद्यांवर जाण्यासाठीच लिहिलेले असतात.

३/
तीन रंगांच्या प्रकाशातून बाकीचे रंग उभे करण्याची कल्पना संगणकाची नव्हे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये एका चौकडीच्या स्कॉटिश फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांतून पडद्यावर एकावर एक पाडून दाखवली. रंगीत छायाचित्रणाचा आरंभ म्हणून हा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. त्यातली मौज मात्र क्वचितच सांगितली जाते. त्या काळच्या काचेवरील रसायनाला लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नव्हता. मग लाल गाळणीमागे चित्र उमटले कसे? शंभर वर्षांनी कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला : फितीचा लाल रंग अतिनील किरणही परावर्तित करत होता, गाळणीतून ते निसटत होते, आणि ‘लाल’ म्हणून नोंदले गेले ते तेच. तिघांपैकी पहिले माप पहिल्याच दिवशी भलत्याच गोष्टीचे होते.

४/
खरा निवाडा १९३१ मध्ये झाला. इंग्लंडमध्ये विल्यम डेव्हिड राइट याने १० आणि जॉन गिल्ड याने ७ निरीक्षकांवर स्वतंत्रपणे प्रयोग केले होते. एका बाजूला वर्णपटातला एक शुद्ध रंग, दुसऱ्या बाजूला तीन दिव्यांचे मिश्रण; दोन्ही बाजू सारख्या दिसेपर्यंत निरीक्षकाने दिवे कमीजास्त करायचे. काही हिरव्या-निळ्या छटांपाशी मेळ काही केल्या बसेना. मग लाल दिवा उचलून पलीकडे, मूळ रंगाच्या बाजूला टाकावा लागे. गणितात याचा अर्थ एवढाच की लाल उणे आला.

५/
या उणे चिन्हात सारे आले. प्रत्यक्षातले कोणतेही तीन दिवे घ्या, माणसाला दिसणारे सगळे रंग त्यांच्यातून निघत नाहीत. दिवे बदलले की आकडेही बदलतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने, ज्याला जग सीआयई म्हणून ओळखते, एक्स, वाय, झेड असे तीन काल्पनिक मूळरंग ठरवले. ते कोणत्याही दिव्यात सापडत नाहीत, पण त्यांच्या मापात कोणताही दिसणारा रंग उणे न होता बसतो. १७ माणसांच्या डोळ्यांवर उभे असलेले हे मापन आजही रंगविज्ञानाचा पाया आहे. त्याचा साधा निष्कर्ष असा की तीन आकड्यांना अर्थ येतो तो सोबत दिव्यांचा पत्ता दिला तरच. हा पत्ता म्हणजे ‘कलर स्पेस’, मराठीत रंगावकाश म्हणावे.

६/
संगणकावर चित्रे काढणाऱ्यांनी तो पत्ता गाळला. सत्तरच्या दशकातल्या यंत्रांकडे स्मृती तुटपुंजी होती आणि समोर पडदा एकच, प्रयोगशाळेतलाच. पत्ता लिहून पाठवायचा कोणाला? त्या वेळी ही काटकसर समजण्यासारखी होती. १९७८ मध्ये सिग्ग्राफ परिषदेत दोन निबंध आले. आल्वी रे स्मिथ याने एचएसव्ही मांडले आणि जॉब्लोव्ह व ग्रीनबर्ग यांनी एचएसएल. रंगछटा, गडदपणा आणि उजळपणा अशा चित्रकाराला कळणाऱ्या भाषेत रंग सांगता यावा, पण उत्तर आरजीबीच्या साध्या बेरीज-वजाबाकीतून झटपट निघावे, हा हेतू. चाके आणि सरकपट्ट्या दाखवणारे रंगनिवडीचे बहुतेक चौकोन आजही या दोन निबंधांचे वंशज आहेत.

७/
स्मिथचा दोष नाही. त्याने चित्रकाराच्या हातात झटपट चालणारे अवजार दिले. दोष त्यांचा, ज्यांनी त्या अवजारातल्या ‘उजळपणा’ या शब्दावर शब्दशः विश्वास ठेवला. एचएसएलमध्ये शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही उजळपणा बरोबर ५० टक्के असतो. प्रत्यक्षात पांढऱ्याची तेजस्विता १ धरली, तर त्या पिवळ्याची सुमारे ०.९३ भरते आणि निळ्याची ०.०७. तेरापट फरक, आणि लायब्ररी म्हणते, समसमान.

८/
हे केवळ पंडितांचे भांडण नव्हे. छटा फिरवून, उजळपणा ५० वर ठेवून बटणांचे रंग आपोआप बनवणारे फंक्शन असंख्य ठिकाणी लिहिले गेले आहे, आणि त्यावर अक्षरे पांढरी ठेवली जातात. निळ्या बटणावर पांढऱ्या अक्षरांचे कॉन्ट्रास्ट-गुणोत्तर ८.५९ येते, पिवळ्या बटणावर १.०७. सुगम्यतेच्या प्रचलित निकषानुसार साध्या मजकुराला किमान ४.५ हवे. पिवळ्या बटणावरचा मजकूर धडधाकट डोळ्यांनाही धड वाचता येत नाही. मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसासाठी तो नाहीच. फंक्शन लिहिणाऱ्याने आळस केला नव्हता. त्याने लायब्ररीच्या शब्दावर भरवसा ठेवला होता.

९/
रंगांच्या नावांची कथा याहून विनोदी आहे. एक्स विंडो या प्रणालीसोबत ऐंशीच्या दशकात आरजीबी.टीएक्सटी नावाची एक फाइल आली. तिच्यातली नावे कुठल्या आयोगाने ठरवलेली नव्हती. काही एका रंग-कंपनीच्या नमुन्यांवरून आली, काही क्रेयॉनच्या पेटीवरून, आणि आकडे अभियंत्यांनी आपापल्या टेबलावरच्या पडद्याकडे पाहून जुळवले. ती यादी पुढे वेबच्या सीएसएसमध्ये गेली आणि तिथून बहुतेक लायब्ऱ्यांत. वाटेत तिची गाठ एचटीएमएलच्या सोळा रंगांशी पडली. दोघांच्या ‘ग्रे’ वेगळ्या होत्या. ‘ग्रे’ एचटीएमएलची राहिली, १२८ ची, आणि ‘डार्क ग्रे’ एक्सची आली, १६९ ची. तेव्हापासून गडद करडा हा साध्या करड्यापेक्षा उजळ आहे. आजही आहे.

१०/
याच यादीत ‘इंडियन रेड’ आहे. मुळात ते लोहयुक्त मातीच्या रंगद्रव्याचे नाव, भारतातून जाणाऱ्या गेरूसारख्या भुकटीचे. यादीतल्या २०५, ९२, ९२ या गुलाबट छटेचे त्या भुकटीशी फारसे नाते उरलेले नाही. (याच नावाचा खडू क्रेयोला कंपनीने १९९९ मध्ये ‘चेस्टनट’ केला, कारण अमेरिकेतल्या मुलांना ते तिथल्या मूलनिवासींच्या कातडीचे वर्णन वाटे.) साडीच्या दुकानात ‘आमसुली’ किंवा ‘मोरपंखी’ मागणाऱ्याला निदान आमसूल आणि मोराचे पीस दाखवता येते. यादीतल्या नावांमागे दाखवायला उरला आहे तो फक्त कधीच भंगारात गेलेला कोणाचा तरी पडदा.

११/
१९९६ मध्ये हेवलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हा प्रस्ताव मांडला. १९९९ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्याचे मोल कमी लेखू नये. अखेर कोणीतरी दिव्यांचा पत्ता लिहिला : लाल नेमका इथला, हिरवा तिथला, पांढरा असा. पण तो पत्ता त्या काळच्या सर्वसाधारण ट्यूबच्या पडद्याचा होता. सीआयईच्या आकृतीत दिसणाऱ्या रंगांचे जे क्षेत्र आहे, त्याचा जेमतेम एक-तृतीयांश भाग त्याने व्यापला.

१२/
आणि मानक आल्यावर जे व्हायला हवे होते त्याच्या उलट झाले. पत्ता सर्वांचा एकच असेल तर लिहायचा कशाला, असे म्हणून लायब्ऱ्यांनी तो गृहीतच धरून टाकला. पायथॉनसोबत येणाऱ्या ‘कलरसिस’ या भागाचे वर्णन पाहावे : संगणकाच्या पडद्यांवर वापरला जाणारा आरजीबी. जणू जगात पडदा एकच. त्याच भागात वायआयक्यू नावाचे रूपांतरही आहे. ते अमेरिकेच्या जुन्या रंगीत दूरचित्रवाणीचे. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी ते प्रक्षेपण २००९ मध्ये बंद केले. लायब्ररीत ते सुखाने नांदते आहे.

१३/
आता मिश्रणाकडे. एसआरजीबीतले आकडे प्रकाशाच्या प्रमाणात नसतात. डोळा अंधाऱ्या छटांतला फरक अधिक बारकाईने टिपतो, म्हणून मोजके आकडे अंधाराकडे जास्त वाटलेले असतात. त्यामुळे १२८ म्हणजे निम्मा प्रकाश नव्हे, सुमारे २२ टक्के. निम्म्या प्रकाशाचा आकडा १८८ आहे. पण लायब्ररीला लाल आणि हिरवा निम्मे-निम्मे मिसळायला सांगितले, की ती डोळे मिटून सरासरी काढते : १२८, १२८, ०. मळकट शेवाळी. दोन दिव्यांचा प्रकाश खरोखर निम्मा-निम्मा मिसळला तर १८८, १८८, ० असा लख्ख पिवळसर रंग येतो. लाल-हिरव्याच्या ग्रेडियंटमध्ये मधोमध दिसणारा काळपट पट्टा हा कोणाच्या अभिरुचीचा दोष नाही. ते चुकलेले अंकगणित आहे. छायाचित्र लहान करताना, कडा मऊ करताना, धूसर करताना हेच अंकगणित पुन्हा पुन्हा चालते.

१४/
पारदर्शकतेतही तेच. चौथा आकडा, अल्फा, हा १९७० च्या दशकात स्मिथ आणि एड कॅटमल यांनी आणला. १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी दाखवून दिले की मिसळण्यापूर्वी रंगाला अल्फाने गुणून ठेवावे. सीएसएसमध्ये ‘ट्रान्स्परन्ट’ या नावाचा अर्थ पारदर्शक काळा असा होता. ज्या ब्राउझरने आधी गुणले नाही, त्याच्यात पांढऱ्याकडून पारदर्शकाकडे जाणारा ग्रेडियंट मध्ये करडा पडे. १९८४ चा निबंध हाताशी असताना!

१५/
या साऱ्याचा मुकुटमणी मात्र जावा भाषेत आहे. तिथल्या रंगाच्या वर्गात ‘ब्रायटर’ नावाचे फंक्शन आहे. रंग उजळ करून देणारे. ते करते इतकेच की प्रत्येक आकड्याला ०.७ ने भागते आणि २५५ च्या वर गेले तर तिथेच थांबवते. ०.७ का? त्याला कोणताही रंगशास्त्रीय आधार नाही. आता त्याला शुद्ध निळा द्यावा : ०, ०, २५५. शून्याला भागून शून्यच, आणि २५५ तर आधीच छताला टेकलेला. परत येतो तो तोच निळा. एचएसएलच्या मापानेसुद्धा जो निम्माच उजळ, आणि डोळ्याला सर्वांत काळोखा वाटणारा शुद्ध रंग जो, तो या लायब्ररीच्या मते आणखी उजळ होऊच शकत नाही.

१६/
इथे हमखास तीन हरकती येतात. पहिली : सोपेपणा. तीन आकडे कोणालाही समजतात. उत्तर असे की ते समजतात असे वाटते. तारखेला कालविभाग न जोडणाऱ्या लायब्ऱ्याही एके काळी सोप्याच वाटत होत्या. सर्व्हर परदेशात गेल्यावर तो सोपेपणा किती महाग पडला, हे त्या क्षेत्रात कोणाला सांगावे लागत नाही. दुसरी : वेग. १९७८ मध्ये ती खरी होती. आजचा साधा फोन एका सेकंदात कोट्यवधी पिक्सेल रंगवतो, तेव्हा घातांकाच्या एका गणिताची सबब शोभत नाही.

१७/
तिसरी हरकत सर्वांत घातक : फरक कोणाला कळतो? कळतो, आणि कधी कधी तो जिवाशी गाठ घालतो. आकडेवारीचे नकाशे रंगवताना निळ्यापासून लालपर्यंत इंद्रधनुष्य पसरवण्याची प्रथा अनेक वर्षे लायब्ऱ्यांची मूळ निवड होती. मॅटलॅबमध्ये २०१४ पर्यंत, पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये २०१७ पर्यंत. इंद्रधनुष्यात उजळपणा एकसारखा चढत नाही; पिवळ्या आणि आकाशी पट्ट्यांशी उसळतो, मध्येच दबतो. त्यामुळे मूळ मोजमापात नसलेल्या सीमारेषा डोळ्याला दिसतात आणि असलेल्या बुडतात.

१८/
२०११ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हृदयाच्या रोहिण्यांची चित्रे दाखवली आणि रोगाचा धोका असलेले भाग शोधायला सांगितले. त्रिमितीय चित्र इंद्रधनुष्यात रंगवलेले असताना त्यांना असे ३९ टक्के भाग सापडले. चित्र तेच ठेवून फक्त रंगपट्टी डोळ्याला धरून आखलेली वापरली, तेव्हा ७१ टक्के. चित्र सपाट उलगडून तीच नवी रंगपट्टी दिल्यावर ९१. पहिल्या दोन आकड्यांमधला फरक निव्वळ रंगांचा आहे. ‘फरक कोणाला कळतो’ हा प्रश्न ज्याची रोहिणी पडद्यावर होती त्याला विचारावा.

१९/
मग रंगाचा प्रकार लायब्ररीत कसा असावा? पहिली अट : रंगाच्या वस्तूत आकड्यांबरोबर रंगावकाशाचे नाव साठवलेले हवे, आणि भिन्न पत्त्यांचे दोन रंग रूपांतर न करता मिसळायला गेले तर लायब्ररीने नकार द्यावा. दुसरी : ‘मिसळ’, ‘उजळ कर’ या फंक्शनांनी कोणत्या मापात, हे विचारावे. दिव्यांचा प्रकाश मिसळायचा असेल तर प्रकाशाच्या प्रमाणातल्या आकड्यांत. डोळ्याला समान वाटणाऱ्या पायऱ्या हव्या असतील तर त्यासाठी बनवलेल्या अवकाशात. दोन्ही कामांना एकच अंकगणित पुरत नाही.

२०/
अशी मापे नाहीत असेही नाही. सीआयईने १९७६ मध्येच लॅब हा अवकाश दिला. त्यातली एक खोड, निळा उजळत नेला की तो जांभळट होतो, डिसेंबर २०२० मध्ये ब्यॉर्न ओटोसन या स्वीडिश प्रोग्रामरने ओकेलॅबमध्ये बरीच दूर केली. ते मांडले कुठल्या आयोगाच्या अहवालात नव्हे, स्वतःच्या संकेतस्थळावर; काही ओळींत बसणारे दोन सारण्यांचे गणित. वेबच्या मानकात ते आले आणि २०२३ पर्यंत मोठ्या ब्राउझरांत चालूही झाले. जे काम चाळीस वर्षे ‘फार गुंतागुंतीचे’ म्हणून टाळले गेले, त्याचा विस्तार एवढाच होता.

२१/
दरम्यान पडदे पुढे निघून गेले. ॲपलने २०१५ पासून अधिक विस्तृत पी-३ अवकाशाचे पडदे आणले. तिथला शुद्ध लाल एसआरजीबीच्या मापात लिहायचा तर लाल १.०९, हिरवा उणे ०.२३ आणि निळा उणे ०.१५ असा येतो. २०१६ च्या आयओएस १० पासून त्यांच्या रंगाच्या वर्गाला १ च्या वरचे आणि ० च्या खालचे आकडे मुकाट स्वीकारावे लागले. गिल्ड आणि राइट यांच्या प्रयोगातले उणे चिन्ह असे थेट खिशातल्या फोनमध्ये येऊन उभे राहिले. ० ते २५५ मध्ये सगळे रंग मावतात अशी खूणगाठ बांधलेल्या लायब्ररीत या लालसाठी जागाच नाही. ती त्याला छाटून जुना लाल करते, आणि छाटल्याचे सांगतही नाही.

२२/
सॅससारख्या लोकप्रिय साधनाने २०२४ मध्ये रंगावकाश स्वीकारले आणि एचएसएलवर चालणारी ‘लायटन’, ‘डार्कन’ ही जुनी फंक्शने मोडीत काढण्याची नोटीस दिली. वेबच्या मानकाने मात्र तडजोड केली : नव्या पद्धतीने लिहिलेले रंग मुळातच ओकेलॅबमध्ये मिसळावेत, पण जुन्या तीन आकड्यांनी लिहिलेले जुन्याच रीतीने, कारण लक्षावधी पाने त्यावर उभी आहेत. जावाचे तर उदाहरण अधिकच बोलके. रंगावकाशासह रंग घडवणारा कन्स्ट्रक्टर तिथे १९९८ पासून, त्याच वर्गात, ‘ब्रायटर’च्या शेजारी आहे. शिकवण्या आणि उदाहरणांतून आजही दिसतो तो तीन आकड्यांचा.